जेवणाचं कूपन आधी घ्यावं का?
होळी ते खोपोली : एका दिवसाची सहल

‘होळीला राहतो’ असं सांगितलं की मुंबईचे नातलग अजूनही हसतात. ‘होळी म्हणजे सण, गाव कुठलं?’ मग समजावून सांगावं लागतं. वसई स्टेशनला उतरा, पश्चिमेला वसई गावाच्या दिशेने निघा, वाटेत आमची होळी लागते. बाजार, दुकानं, रिक्षांचा गोंगाट, आणि सकाळच्या वेळी ताजी भाजी. आमचं तिथलं घर सासऱ्यांच्या काळापासूनचं.

सहलीच्या बाबतीत आम्ही वसईकर खरं तर यजमान. रविवार उजाडला की अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यांकडे मुंबईच्या गाड्या वळतात. तिथल्या रिसॉर्टवाल्यांची पद्धत ठरलेली : नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, सगळं एकाच पॅकेजात. आम्हाला स्वतःला फिरायचं असेल तर घरून डबा घेऊन वसईचा किल्ला गाठायचा, झाडाखाली चटई पसरायची. तिथे कूपनही नाही, रांगही नाही.

पण मुलं मोठी झाली, त्यांना किल्ल्याच्या पडक्या भिंती पुरेनात. शाळेतल्या दोस्तांनी थीम पार्क पाहिलेलं. ‘अम्मी, आपण कधी?’ हा प्रश्न वर्षभर घरात फिरत होता. आणि आमच्या घरात या प्रश्नामागे लगेच दुसरा प्रश्न येतो : तिथे खायचं काय?

या दुसऱ्या प्रश्नाला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका वॉटर पार्कला गेलो होतो. नाव घेत नाही, कारण चूक निम्मी आमचीच होती. आठ जणांचं पॅकेज आधीच भरलं, जेवणासकट. वाटलं, बरं झालं, एक काळजी मिटली. दुपारी जेवणाच्या दालनात गेलो तर रांग दाराबाहेर. नणंदेने काउंटरवरच्या पोराला विचारलं, ‘चिकन हलाल आहे का?’ तो अगदी मनापासून म्हणाला, ‘मॅडम, सगळं फ्रेश असतं.’ प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचला नव्हता. आम्ही डाळ, भात आणि पापड घेतला. पैसे मात्र पूर्ण जेवणाचे गेले होते.

त्याचंही काही नाही. डाळभातावर अल्हम्दुलिल्लाह म्हणणारी माणसं आम्ही. पण सासूबाईंना मधुमेह आहे, त्या सकाळी इन्सुलिन घेतात. रांगेत उभं राहून पाऊण तास झाला आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला, हात थरथरू लागले. ‘काही नाही ग, ऊन लागलं,’ असं त्या म्हणत होत्या, पण शब्द जड येत होते. माझी पर्स दूर लॉकरमध्ये. यांनी धावत जाऊन चहाच्या टपरीवरून साखर आणली, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांत त्यांना बरं वाटलं. ती पंधरा मिनिटं मी अजून विसरलेली नाही.

त्यानंतर घरात दोन पक्ष पडले. यांचं म्हणणं, ‘आता कधीच आधी जेवण भरायचं नाही, पैसे फुकट जातात.’ नणंदेचं म्हणणं उलट, ‘आधी भरलं नसतं तर तेही मिळालं नसतं.’ मी दोघांचं ऐकत राहिले. मग हळूहळू लक्षात आलं की आम्ही काय विकत घेतलं होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही ताटाचे पैसे भरले होते, जागेचे नव्हे. कूपन म्हणजे जेवणाची किंमत आगाऊ चुकती केली, एवढंच. त्यावर कुणी टेबल राखून ठेवत नाही, रांगेत पुढे घेत नाही. जेवण, जागा आणि वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कूपनाने पहिली मिळते. सासूबाईंना गरज होती तिसरीची.

परदेशातल्या मोठ्या पार्कांत याच्या उलट रीत आहे. अमेरिकेत फ्लोरिडाला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे. तिथे बसून जेवायच्या उपाहारगृहात टेबल ६० दिवस आधी राखता येतं. पूर्वी तर ही मुदत १८० दिवसांची होती, म्हणजे सहा महिने आधी ठरवायचं की अमुक तारखेला आपण काय खाणार! तिथे बहुतेक ठिकाणी आगाऊ राखलं जातं ते टेबल, जेवणाचे पैसे नंतर. आणि राखून गेलं नाही तर अनेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापतात. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये आपल्या लोकांचा मोठा प्रश्न सुटलेला आहे, तिथल्या काही उपाहारगृहांना तिथल्या इस्लामी परिषदेचं हलाल प्रमाणपत्र आहे. आपल्याकडे ताटाचे पैसे आधी, टेबल नशिबाने, आणि हलालचं आपणच विचारायचं.

हे सगळं मनात ठेवून गेल्या डिसेंबरात आम्ही खोपोलीचं इमॅजिका ठरवलं. माझ्या लहानपणी थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेलं, खाडीतून बोटीने जायचं. इमॅजिका त्यामानाने नवं, २०१३ चं. शेजारचं वॉटर पार्क त्यानंतर वर्षभराने आलं, त्याचं तिकीट वेगळं. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, मागे सह्याद्रीची भिंत. होळीपासून अंतर सुमारे शंभर किलोमीटर.

बाहेरचं खाणं अशा पार्कांत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं अन्न आणि औषधं चालतात. म्हणून मधुमेह असलेल्या माणसासाठी डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. आम्ही सासूबाईंच्या पिशवीत चिठ्ठी, ग्लुकोजची पुडी, चार खजूर आणि बिस्किटं ठेवली. ती पिशवी लॉकरमध्ये नाही, त्यांच्या खांद्यावर.

मग तिकिटं. नुसतं प्रवेशाचं आणि जेवणासकट असं दोन्ही प्रकारचं तिकीट मिळतं. दर दिवसागणिक बदलतात म्हणून इथे देत नाही, पण हिशेब सांगते. आम्ही आठ जण : सासूबाई, आम्ही दोघं, आमची दोन मुलं, नणंद आणि तिचे दोन कॉलेजातले मुलगे. आठांचं सरसकट जेवण भरायचं नाही असं ठरलं. ज्यांना ठरल्या वेळी जेवायलाच हवं, त्यांचंच आधी भरायचं. म्हणजे सासूबाई, त्यांच्या सोबतीला मी, आणि आमची दोन लहान. चार जेवणं भरली. बाकी चौघांनी भूक लागेल तेव्हा, मिळेल ते, रोख.

मांसाचा प्रश्न आम्ही घरीच सोडवला : दुपारी शाकाहारी. फोनवर ‘हो, हलाल आहे’ असं कुणी म्हणालं तरी त्याला मांस कुठून येतं हे माहीत असतंच असं नाही. कुणाला विचारायचंच असेल तर ‘हलाल आहे का’ एवढ्यावर थांबू नये. ‘प्रमाणपत्र कुणाचं आहे, पाहायला मिळेल का’ असं विचारावं. जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्टसारख्या संस्था अशी प्रमाणपत्रं देतात, कागद असेल तर दाखवायला कुणी संकोचत नाही. आणि शाकाहारी घेतानाही वडे-फ्राईज चिकनच्याच तेलात तळतात का, हे विचारायला लाजू नये.

मंगळवारी फजरची नमाज पढून निघालो. वसई फाट्यावरून महामार्ग, वर्सोव्याचा पूल, मग घोडबंदर रोड. तिथला खोळंबा ठरलेलाच, म्हणून अर्धा तास हाताशी ठेवला होता. ठाणं, मुंब्रा बायपास, शिळफाटा, पनवेल, मग द्रुतगती मार्ग. पनवेलच्या पुढे गाडी थांबवून घरून आणलेली आंबोळी, अंडी आणि चटणी खाल्ली. पार्कच्या दारात भुकेलं जायचं नाही, हा पहिला नियम. पोट भरलेलं असलं की आत शिरताशिरता दिसलेल्या पहिल्या सामोशावर मुलं तुटून पडत नाहीत.

आत गेल्यावर भाचे सरळ ‘नायट्रो’ या मोठ्या रोलर कोस्टरकडे पळाले. आमच्या धाकटीला अलिबाबा आणि चाळीस चोरांची राईड हवी होती, ती दोनदा झाली. सासूबाई ‘आय फॉर इंडिया’मध्ये बसल्या. उंचावरून देश पाहिल्यासारखं वाटतं, पाय अधांतरी लोंबतात. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘हजला जाताना विमानात खिडकी मिळाली नव्हती, ती आज मिळाली.’

पार्कात उपाहारगृहं बरीच आहेत. ‘इमॅजिका कॅपिटल’मध्ये बुफे, ‘रेड बॉनेट’ अमेरिकन धाटणीचं. कूपन कुठल्या ठिकाणी चालतं हे आम्ही तिकीट काढतानाच वाचून ठेवलं होतं, आणि आत शिरताना जेवण किती वाजता सुरू होतं ते विचारून घेतलं. मग दुसरा नियम : जेवण सुरू होण्याच्या वेळेलाच तिथे हजर राहायचं. गर्दी एकच्या पुढे उसळते, कारण तोवर कुणाला राईड सोडवत नाही. आम्ही चौघं पहिल्या लोकांत बसलो. सासूबाईंनी शांतपणे दोन पोळ्या, डाळ, भाजी आणि दही खाल्लं. मी त्यांच्याकडे पाहत होते. ‘काय बघतेस?’ म्हणाल्या, ‘आज काही होणार नाही मला.’ आम्ही उठून बाहेर आलो तेव्हा दारात रांग लागायला सुरुवात झाली होती.

सगळंच जमलं असं नाही. धाकटीने चार घास भात खाल्ला आणि ‘झालं’ म्हणाली. तिच्या जेवणाचे पैसे वाया गेले. बुफेत लहान मुलाचं पूर्ण जेवण आधी भरणं हा इस्राफच, पुढच्या वेळी तिचं भरणार नाही. उलट भाच्यांचं न भरल्याचं सार्थक झालं. त्यांनी दुपारी जेवणच घेतलं नाही, सगळे लोक जेवत असताना मोकळ्या रांगांतून दोन राईड जास्त केल्या आणि तीन वाजता चीज सँडविच खाल्लं. त्यांच्यासाठी कूपन म्हणजे पायातली बेडी झाली असती.

जेवून जोहरची वेळ धरली. आम्ही शाफई, आणि प्रवास कसरच्या अंतराचा, म्हणून आमच्या इमामसाहेबांना आधीच विचारून घेतलं होतं. हिरवळीच्या एका कडेला जानमाज अंथरून जोहर आणि असर जमा करून, दोन-दोन रकात पढलो. हनफी घरांत असं जमा करत नाहीत, त्यांनी असरसाठी दुपारी वेगळा वेळ काढून ठेवावा. जेवणाची वेळ ठरवतानाच नमाजची वेळ सोबत मांडली तर दोन्ही सुटसुटीत होतात. डिसेंबरात आपल्याकडे जोहर साडेबाराच्या सुमारास सुरू होते, म्हणून आधी जेवण आणि लगेच नमाज हे गणित छान जुळलं.

रात्रीच्या जेवणाचं आम्ही काहीही आधी ठरवलं नव्हतं, आणि ते मुद्दाम. घरून बिर्याणी करून गाडीत ठेवायची असा विचार आला होता, पण दिवसभर उन्हात उभ्या बंद गाडीत शिजलेलं मांस ठेवणं म्हणजे आजाराला आमंत्रण. शिवाय परतीच्या वाटेवर मुंब्रा लागतं. तिथे हलाल आहे का हे विचारावं लागत नाही, आणि टेबल राखावं लागत नाही. मशिदीत नमाज झाली आणि शेजारच्या हॉटेलात सगळे एका लांब टेबलावर बसलो. भाच्यांनी दिवसभराची भूक तिथे काढली. सासूबाईंनी त्यांच्या ताटात स्वतःच्या हाताने कबाब वाढले.

तेव्हा भगिनींनो, आधी भरावं की नाही याचं उत्तर माझ्यापुरतं असं : जेवण चुकलं तर ज्याच्या जिवावर बेतेल, त्याचं आधी भरा, आणि त्याला वेळेवर तिथे घेऊन जा. ज्याचं चुकलं तरी फक्त पोट कुरकुरेल, त्याला मोकळं सोडा. आणि पैसे भरण्याआधी पाच गोष्टी विचारा. कूपन कुठल्या उपाहारगृहात चालतं? जेवण किती ते किती? त्यात टेबल राखलेलं आहे की फक्त ताट? जाणं रद्द झालं तर पैसे परत मिळतात का? आणि मांस कुठून येतं, याचा कागद आहे का?

रात्री अकराला होळीला पोचलो. बाजार बंद झाला होता, रस्ता रिकामा. धाकटी सासूबाईंच्या मांडीवर झोपलेली. गाडीतून उतरताना सासूबाईंनी खांद्यावरची पिशवी माझ्या हातात दिली. ग्लुकोजची पुडी न फोडलेली होती. खजूर मात्र चारही संपले होते, ते भाच्यांनी खाल्ले.