किल्ला सोड, नंदाखाल घे

प्रिय बाय,

आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला वसईच्या किल्ल्यातली चर्चेस घ्यावीत की आपलं नंदाखालचं, असं तू विचारलंस. किल्ला घेतलास तर काम सोपं आहे. सेंट जोसेफचा मनोरा अजून उभा आहे, तिथल्या शिलालेखात १६०१ सालच्या पुनर्बांधणीची नोंद आहे. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा सगळ्या संघांचे भग्न मठ एकाच तटबंदीत बघायला मिळतात, आणि फोटो कुठूनही काढ, झकास येतो. प्री-वेडिंगवाले उगाच नाही तिथे रांग लावत. तरीही माझं मत नंदाखाललाच.

कारण सांगतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. पाठोपाठ फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट. सोळावं शतक संपायच्या आत सांडोर, आगाशी, नंदाखाल अशी गावोगाव चर्चेस झाली. नंदाखालच्या पवित्र आत्म्याच्या चर्चची स्थापना १५७३ ची. हा सगळा काळ गोडगोड रंगवू नकोस, एवढी विनंती. निर्मळचं तीर्थ आपल्या शेजारीच आहे, आणि तिथली देवळं पाडली गेली हा इतिहास आहे. आपल्या पूर्वजांच्या धर्मांतरात श्रद्धा किती, सत्तेचा धाक किती आणि जमिनीची काळजी किती, याची वाटणी आज कोणी करू शकणार नाही. पेशवाईत निर्मळ पुन्हा उभं राहिलं. कार्तिकातल्या जत्रेला आपली माणसंही जातात, सुकेळी घेऊन परततात. प्रबंधात हेही येऊ दे. चर्चच्या कंपाउंडपाशी गाव संपत नाही.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ख्रिस्ती लोकांसाठी मोजकी चर्चेस राखावीत, असं तहात ठरलं होतं. पण किल्ल्यातले पोर्तुगीज सरदार, अधिकारी, मठवासी गोव्याकडे निघून गेले, आणि त्यांच्या मागे ती प्रचंड चर्चेस ओस पडली. त्या चर्चेसना खरं मारलं ते या ओस पडण्याने. तोफांचा वाटा त्या मानाने थोडा. आपल्या लोकांना कुठे जायचं होतं? पानवेल आणि केळीची वाडी काही गलबतात घालून नेता येत नाही. ते राहिले, म्हणून गावातली चर्चेस राहिली. युरोपीय पाद्री गेल्यावर गोव्याचे देशी धर्मगुरू आले आणि त्यांनी ही गावं सांभाळली. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय. तुला एखादं प्रकरण त्यांच्यावर लिहिता आलं तर फार बरं.

किल्ल्यातलं गोन्सालो गार्सियांचं चर्च तेवढं अपवाद. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. त्यांच्या सणाला आजही वसईकर तिथे जमतात, म्हणून ते चर्च जितं आहे. माझं म्हणणं त्यानेही पक्कंच होतं.

घंटांचा विषय तू काढणारच. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची, वाईजवळ मेणवलीची १७०७ ची, तिच्यावर तर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. त्या परत आणाव्यात असं अधूनमधून कोणीतरी म्हणतं. मला नाही तसं वाटत. अडीचशे वर्षांहून जास्त काळ तिथल्या लोकांनी त्या जपल्यात, त्यांनाही त्या आपल्याच वाटतात. तू मात्र मेणवलीला जाऊन माप आणि रेखाचित्र घेऊन ये.

आता मुख्य गोष्ट. रविवारी आपण ज्या वास्तूत बसतो ती काही १५७३ सालची जशीच्या तशी नाही. मोडली, दुरुस्त झाली, वस्ती वाढली तशी वाढवली. तुझे प्राध्यापक विचारतील, मग यात जुनं काय? त्यांना नोंदवह्या सांग. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद ठेवायची सक्ती केली. मुलाचं नाव, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, धर्मगुरूची सही. पुढे त्या मुलाचं लग्न झालं की तेही त्याच नोंदीच्या समासात येतं. एका पानावर एका माणसाचं अर्धं आयुष्य. कोणत्या पाड्याची सोयरीक कोणत्या पाड्याशी होत होती, साथीच्या वर्षी दफनं किती झाली, हे दगड बघून कळत नाही. त्यातला मजकूर खासगी असतो, तेव्हा फादरांना रीतसर पत्र लिही आणि ते जेवढं दाखवतील तेवढंच बघ.

वास्तूतही बघण्यासारखं आहे, फक्त ते पोर्तुगीज काळातच शोधू नकोस. सर्वात मोठा बदल अगदी अलीकडचा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा, म्हणजे १९६२ ते ६५ नंतरचा. त्याआधी फादर लोकांकडे पाठ करून, मागच्या भिंतीला टेकलेल्या वेदीवर लॅटिनमध्ये मिस्सा करायचे. आज्या लाल लुगड्यांत बसून रोझरी ओढत राहायच्या, कारण लॅटिनचं अक्षरही कोणाला कळत नव्हतं. मग वेदी पुढे आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मिस्सा मराठीत सुरू झाली. एक वेदी काही फूट पुढे आल्याने आवाज, उजेड, बसण्याची मांडणी सगळंच बदललं. जुन्या वेदीची जागा मोज, नव्या वेदीची मोज, आणि मधल्या अंतरावर लिही. घरी कादोडी बोली बोलणाऱ्या आपल्या कुपारी समाजातल्या माणसाला देवाशी प्रमाण मराठीत बोलायची सवय इथे लागली. याच गावच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ‘सुबोध बायबल’ हा मराठी अनुवाद केला, ‘सुवार्ता’ मासिक दोन दशकांहून अधिक काळ चालवलं, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. या मराठीचा उल्लेख टाळून आपल्या चर्चवर लिहिता येणार नाही, असं मला वाटतं.

एक धास्ती आहे, ती तुलाच सांगतो. दुरुस्ती म्हटली की आपल्याकडे पहिली फरशी येते, मग ग्रॅनाइट. लोक हौसेने वर्गणी देतात, आणि जुनी लाकडं, जुनी कबर-शिळा कुठे गेली हे नंतर कोणी विचारत नाही. म्हणून तू बाकी काही नाही केलंस तरी चालेल, पण चर्चचा पूर्ण नकाशा, प्रत्येक शिळेचा फोटो आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी एवढं पक्कं करून फादरांकडे एक प्रत दे.

पावसाआधी ये. टेप आणि वही तू आण, शिडी माझ्याकडे आहे.

तुझा मामा