तालमीला जागा : एका नाट्यदौऱ्याची वही

बुधवार, सांगली

बस पहाटे सहाला यायची होती, पावणेआठला आली. चालकाने कारण सांगितलं नाही. चहा १८ × १० = १८०. पोहे १८ × ३० = ५४०. कोल्हापूर ते सांगली एवढंसं अंतर, तरी पोचायला साडेनऊ वाजले.

विष्णुदास भावे नाट्यमंदिर रिकामं होतं. रंगमंचावर पाय ठेवण्याआधी आमच्या नाट्यगटातली पोरं एकेक करून वाकली. कुणी सांगितलं नव्हतं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदासांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्यामागे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. मला आज सगळ्यात जास्त तोच आश्रय जाणवत राहिला. नाटक करायची हौस गावोगाव असते. तिला पाठबळ आणि जागा देणारा माणूस भेटावा लागतो. आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर उभारून दिलं. पुढे त्यालाच गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळालं. त्या रात्री आमच्यातली चार पोरं रस्त्यावर उभी राहून रडली होती. आज इथे, दुसऱ्याच गावच्या रंगमंचावर, तीच चौघं सगळ्यांत उशिरापर्यंत रेंगाळली.

पुण्याला पोचायला रात्र. रस्त्याचं काम, वळण, पुन्हा काम. जेवण १८ × १४० = २,५२०. पाठ दुखते आहे.

गुरुवार, पुणे

बस आजही उशिरा. तासभर. नाश्ता उभ्यानेच.

कार्यशाळा मात्र अशी झाली की सगळा वैताग विसरले. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातीला अभिनयाचं नावही काढलं नाही. सगळ्यांना उताणं झोपवलं, पोटावर वही ठेवायला लावली. श्वास घेताना वही वर गेली पाहिजे, खांदे हलता कामा नयेत. अर्धा तास तेवढंच. मग एकेकाला पुढे उभं केलं, मला शेवटच्या रांगेत बसवलं आणि त्याच्या संवादातलं एकच वाक्य बोलायला सांगितलं. ओरडायचं नाही, पोचवायचं. पहिल्या सहा जणांची वाक्यं माझ्यापर्यंत अर्धीच आली. तेव्हा बाई म्हणाल्या, “वाक्याचा शेवट गिळताय तुम्ही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तेच गिळलंत तर माणूस आला की गेला, मारलं की वाचवलं, हे प्रेक्षकाला कळणार कसं?” इतकी वर्षं पोरांना मी ‘मोठ्याने बोला’ म्हणत आले, पण इतकं नेमकं निदान कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दुपारनंतर कागलच्या पोराचं वाक्य शेवटच्या रांगेत स्वच्छ आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो लाजून विंगेत पळाला.

संध्याकाळी भरत नाट्य मंदिर. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १९७२ साली इथेच झाला. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून महाविद्यालयं याच प्रेक्षागृहात गरजतात. आमच्या पोरांनी ती आरोळी फक्त मोबाइलवर ऐकलेली. त्यांना ती द्यायची होती. मी थांबवलं नाही.

मग बालगंधर्व रंगमंदिरात प्रयोग पाहिला. नाटकाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, नट चांगले, संहिता सैल. मध्यंतरात पोरांना ‘संयुक्त मानापमान’ची हकीगत सांगितली. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रमुख नट एका रंगमंचावर आले. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले. आपल्या गावचं नाव पुण्यात असं निघालेलं पाहून पोरं ताठ बसली.

तिकिटं १८ × २०० = ३,६००.

शुक्रवार, पुणे ते मुंबई

बस दोन तास उशिरा. घाटात कोंडी. दोघींना उलट्या. लिंबू, आलं, गोळ्या ८५. वडापाव १८ × २० = ३६०. पार्किंग १००. उतरलो तिथे पाणी सकाळी सातलाच जातं म्हणे. नेहमीची तक्रार. काही पाहिलं नाही. झोपते.

शनिवार, दादर

आजचा दिवस एका माणसाचा.

दुपारच्या आणि रात्रीच्या प्रयोगांच्या मधल्या वेळात आम्हाला एका नाट्यगृहाचा रंगमंच आतून पाहायला मिळाला. एका नाटकाचा सेट उतरवून दुसऱ्या नाटकाचा लावायचा, हातात जेमतेम दीड तास. पडद्यामागचे एक काका, साठीच्या पुढचे, कणकवलीकडचे, ती सगळी धावपळ चालवत होते. आवाज एकदाही चढवला नाही. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर खडूने आकडा, त्याच क्रमाने तो उभा राहणार. टेम्पोतला क्रम बरोबर उलटा: जे सर्वांत आधी लागणार ते सर्वांत शेवटी भरायचं. पोरांच्या हाती त्यांनी सुतळी दिली, गाठ मारून दाखवली आणि चार वेळा सोडायला लावली. “प्रयोगात भिंत हलली, तर नटाने कितीही चांगलं काम करू दे, लोक भिंतच बघतात.”

जेवणाचा डबा आमच्यात बसून खाल्ला. लहानपणी दशावतार पाहून नाटकाचं वेड लागलं म्हणाले. देवळासमोरची जागा, पेटी, पखवाज, झांज, नटाने आपला रंग आपणच लावायचा, आणि बरेचसे संवाद उभ्या उभ्या सुचवायचे. “गावाक देऊळ जागा देता. हंय भाडां.” एवढंच म्हणून डबा धुवायला गेले. आमच्या नाटकात शिवाजीचं काम करणारा पोरगा त्यांच्या पाया पडला. मलाही पडावंसं वाटलं, मी पडले.

रात्रीचा प्रयोग आम्ही बाल्कनीतून पाहिला. भिंत हलली नाही.

रविवार, दादर, जुहू

सकाळी छबिलदास शाळा. रविवार, फाटक बंद. बाहेर उभं राहूनच सांगितलं, की १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने या शाळेच्या सभागृहात प्रयोग केले. ‘आविष्कार’च्या सुलभा देशपांडे याच शाळेत शिकवत होत्या. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा एक सबंध कालखंड ‘छबिलदास’ या नावानेच ओळखला जातो, आणि ते नाव एका शाळेचं आहे. पोरांपैकी एकीने विचारलं, “मॅडम, शाळेनं दिलं सभागृह?” मी म्हटलं, दिलं. ती बराच वेळ फाटकातून आत बघत होती.

दुपारी पृथ्वी थिएटर. शशी आणि जेनिफर कपूर यांनी हे नाट्यगृह १९७८ साली ५ नोव्हेंबरलाच, ‘सीता स्वयंवर’च्याच तारखेला, सुरू केलं. तीन बाजूंना प्रेक्षक. “मॅडम, मग पाठ कुणाकडं करायची?” असं कागलचा पोरगा म्हणाला आणि प्रयोग संपेपर्यंत नटांच्या पाठीच बघत राहिला. पाठही बोलते, हे त्याला उमगलं. उशिरा येणाऱ्याला इथे आत घेत नाहीत. आम्ही तासभर आधीच जाऊन बसलो होतो.

रात्री परतीचा प्रवास. बसमध्ये लिहिते आहे, अक्षर वाईट आहे.

सोमवार, कोल्हापूर

पोचलो. सगळे सुखरूप. हिशेब जुळला, ४१० रुपये उरले, ते नेपथ्याच्या कापडाला.

आमची तालीम सध्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. टेबलं भिंतीला लावायची आणि सहाला कुलूप पडण्याआधी परत जागेवर ठेवायची. त्यात चाळीस मिनिटं हाती लागतात. त्या खोलीत शेवटची रांगच नाही, तर आवाज पोचवायचा कुठे? कोल्हापुरात आणि आसपास अनेक शाळांची सभागृहं, मंगल कार्यालयं संध्याकाळी रिकामी असतात. वाचकांपैकी कुणी मुख्याध्यापक असतील, संस्थेचे विश्वस्त असतील, कार्यालयाचे मालक असतील, त्यांना माझी विनंती आहे: आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, सहा ते नऊ, तुमच्या गावातल्या पोरांना सभागृह द्या. झाडून, खुर्च्या लावून, दिवे बंद करून ती किल्ली परत आणून देतील.