घागरीभोवती मांडलेलं वर्ष

बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. वाघ घराण्याकडे हा मान आहे. ही परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची मानली जाते. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. घागरीवर पुरी, पापड, करंजी, सांडोळी-कुरडई. शिवाय पानविडा, आणि भोवती गोलाकार १८ धान्यं. घरात, शेतात जे सापडतं तेच.

ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. पुरी ही पृथ्वी, विडा हा राजा, करंजी ही तिजोरी, सांडोळी-कुरडई हा गुराढोरांचा चारा. धान्यांपैकी भादली ही रोगराईची खूण, मसूर परक्या शत्रूची. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे काय हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं, ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला विदर्भ, खानदेश, मराठवाड्यातून शेतकरी येतात.

भाकिताला शास्त्राचा आधार नाही. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारे हे सांगत आलेत आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तरी त्या मांडणीवरून माझं मन हलत नाही. रोजच्या वस्तूत दुसरंच काही दिसणं कलेतही घडतं: १९४२ मध्ये चित्रकार पिकासोने सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं घडवलं. तो बैल आधी त्याला एकट्याला दिसला, मग जगाला. भेंडवळला कुरडईतला चारा जमलेल्या प्रत्येकाला आधीच दिसत असतो, कारण उन्हाळ्यात चारा संपल्यावर गोठ्यात काय होतं ते प्रत्येकाने पाहिलेलं असतं. कर्ज, कीड, आजारपण, राजा कसा वागेल याची धास्ती, सगळं एका रिंगणात शेजारी शेजारी बसतं. ही धास्ती उगाच नाही: शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज मिळालेल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत आमचा बुलडाणाही होता. एरवी ज्याचा घोर त्यालाच. इथे मात्र तो सगळ्यांसमोर मांडला जातो आणि शेजाऱ्याचाही तोच आहे हे दिसतं. याला कला म्हणायला मला कुठल्याही कलादालनाची परवानगी नको.

पेरणी मात्र या भाकितावर करू नका. जमिनीत पुरेशी ओल आल्यावर, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच करा. आणि खामगाव-बुलडाण्यातल्या चित्रकलेच्या मुलांनो, येत्या अक्षय्य तृतीयेला वही घेऊन भेंडवळला जा. धान्य कसं ओतलं, घागर कशी ठेवली, ते बारकाईने रेखाटून ठेवा.