आमचा शक्तिमान

गेल्या दिवाळीच्या सुटीत मेढ्याला माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा भरला होता. सहावीच्या वर्गात माझ्यापाशी शिकलेली ही मुले आता चाळिशीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. कोणी नवी मुंबईत माथाडी कामगार आहे, कोणी साताऱ्यात दुकान चालवतो, तर कोणी वेण्णाकाठची वडिलोपार्जित शेती सांभाळते. मला वाटले होते, ही मंडळी परीक्षांच्या, सहलींच्या, निदान माझ्या छडीच्या तरी आठवणी काढतील. पण जेवणे आटोपून पाने उचलली जातात न जातात तोच विषय निघाला तो शक्तिमानचा! मग तासभर दुसरे काही कोणाला सुचलेच नाही. भारदस्त मिशांचे पुरुष आणि दोन-दोन मुलांच्या आया एकमेकांचे बोलणे तोडून बोलू लागल्या.

हा शक्तिमान कोण, असे तुम्ही विचाराल. दूरदर्शनवर 13 सप्टेंबर 1997 पासून 2005 पर्यंत चाललेल्या एका हिंदी मालिकेचा तो नायक. 'महाभारत' मालिकेत भीष्माची भूमिका करणारे मुकेश खन्ना यांनीच हे कामही केले होते. एरवी हा नायक गंगाधर नावाचा, जाड भिंगांचा चश्मा लावणारा, एका वर्तमानपत्राचा वेंधळा छायाचित्रकार असे. संकट आले, की तो स्वतःभोवती गरगर फिरे आणि तांबड्या पोशाखातला शक्तिमान होऊन आकाशात झेपावे. योगसाधनेने त्याला हे बळ मिळाले होते आणि अंधाराचा स्वामी किल्विष हा त्याचा वैरी होता.

खरे सांगायचे तर मला ही मालिका मुळीच आवडत नसे. रविवारी दुपारी बारा वाजले, की नदीकाठ, पटांगण, देवळाचा पार सारे ओस पडत. सोमवारी मधल्या सुटीत पाहावे, तर व्हरांड्यात पंधरा-वीस भोवरे गरगरत असत. त्यातच शक्तिमान वाचवायला येईल या समजुतीने काही मुलांनी जिवावर बेतणारे खेळ केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. मालिका बंद करा, अशी मागणी झाली. त्या दुर्घटनांचा दोष मालिकेवर येतो, हे मुकेश खन्नांना मान्य नव्हते. तरी माझी नक्कल करू नका, असे ते मुलांना सांगू लागले. भागाच्या शेवटी लहानसहान सवयींविषयीचा एक पाठही असे. त्यात चुकलेले मूल शेवटी कान पकडून 'सॉरी, शक्तिमान' म्हणे. गावात कोणी म्हणे, यातून मुले चांगले शिकतात; कोणी म्हणे, बिघडतात. बिघडतात म्हणणाऱ्यांचा पुढारी मीच होतो.

1998 सालच्या पावसाळ्यानंतर माझ्या वर्गातला एक मुलगा पाठीला तांबडे फडके बांधून गोठ्याच्या पत्र्यावरून खाली झेपावला आणि उजवा हात मोडून घेऊन बसला. चार दिवसांनी हात गळ्यात अडकवून तो शाळेत आला. मी त्याला फळ्यापाशी उभे केले आणि म्हणालो, "मुलांनो, नमस्कार करा! प्रत्यक्ष शक्तिमान आपल्या भेटीला आले आहेत." सारा वर्ग खदखदून हसला. मुलांना धोक्याची जाणीव करून दिली, याचे मला समाधान वाटले. मुलगा मात्र मान खाली घालून उभा होता. पुढे शाळा सुटेपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, त्याला कोणी त्याच्या नावाने हाक मारली नाही.

2020 च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली, तेव्हा मी माझ्या नातवाबरोबर ती पाहिली. आकाशात उडणाऱ्या नायकाकडे पाहून नातू म्हणाला, "आजोबा, याला दोरीला टांगलंय वाटतं!" त्यामुळे त्या दिवशी मेळाव्यात मी विचारले, "अरे, आज पाहवत तरी का तुम्हांला ते?"

"नाही पाहवत, सर," दुकानदार हसून म्हणाला. "दोन भाग पाहिले आणि बंद केले."

"मग एवढे काय आठवता?"

त्यावर प्रत्येक जण काही ना काही सांगू लागला. आळीत टीव्ही एकाच घरी होता. मुंबईला माथाडीचे काम करणाऱ्या एका वडिलांनी तो आणला होता. त्या घराच्या उंबऱ्याबाहेर वीस-पंचवीस चपला पडत. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी आणि "दिसतंय का?" म्हणून ओरडे, खालून सारे "अजून थोडं!" म्हणून ओरडत. ऐन वेळी वीज गेली, की घरची आजी सर्वांच्या हातावर शेंगदाणे ठेवी. ती आजी आता नाही आणि ते घरही पाडून नवे बांधले आहे. मालिकेचे नाव निघाले, की ती आजी आणि ते घर त्यांना पुन्हा भेटत होते.

ते ऐकताना मला माझे बालपण आठवले. मी तुमच्याएवढा असताना 'चांदोबा' मासिकासाठी वेडा झालो होतो. भुताखेतांच्या गोष्टींनी पोरगा बिघडेल म्हणून वडिलांनी माझे अंक माळ्यावर टाकले होते. तेव्हा मी रात्रभर रडलो होतो. ते मासिक आता बंद पडले आहे. पण त्याचे चार जीर्ण अंक मी अजून कपाटात जपून ठेवले आहेत. मग शक्तिमानवर जीव लावणाऱ्या मुलाला मी का हसलो? पत्र्यावरून उडी मारू नये, हे त्याला सांगणे माझे कर्तव्यच होते. पण त्याच्या चुकीबरोबर मी त्याच्या आवडीचीही थट्टा केली होती आणि तीही साऱ्या वर्गादेखत.

तो मुलगा कोपऱ्यात बसून सर्वांचे ऐकत होता. आता तो एका ट्रकचा मालक आहे. मी त्याच्याजवळ जाऊन विचारले, "हात कसा आहे रे?"

"हात काय, सर, दीड महिन्यात बरा झाला होता," तो म्हणाला आणि हसला. पुढचे वाक्य त्याने उच्चारले नाही. पण मला ते ऐकू आले.

क्षमा मागायची तर कोणत्या शब्दांत? माझ्या एम. ए. च्या मराठीतला एकही शब्द त्या वेळी मदतीला येईना. शेवटी सर्वांच्या देखत मी दोन्ही हातांनी आपले कान पकडले आणि मोठ्याने म्हणालो, "सॉरी, शक्तिमान!"

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग जो वर्ग एके काळी त्याला हसला होता, तोच वर्ग मला हसला. आणि त्या हसण्यात सर्वांत मोठा आवाज त्याचा होता.