सात-बीचा माणूस

भोसरीच्या कारखान्यांतून त्याला फोन येतो तो बहुधा एकाच कामासाठी. मोजमापाच्या यंत्राबरोबर आलेला पीसी शेवटच्या घटका मोजतोय, त्यावर विंडोज एक्सपी, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलंय. डिस्कची प्रत काढून ती व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवायची. मायक्रोसॉफ्टने एक्सपीकडे ८ एप्रिल २०१४ला पाठ फिरवली, पण शॉप फ्लोअरवर त्याचं कुणाला सोयरसुतक नाही.

प्रत निघते. लोगो येतो, निळे ठोकळे दोन-चार चकरा मारतात, पडदा क्षणभर निळा होतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून. एफ८ दाबून आपोआप रीस्टार्ट बंद केलं की मजकूर वाचता येतो : स्टॉप ७बी. बूटची डिस्क हाती लागत नाही म्हणे.

यावर तो आजही तावातावाने बोलतो. लागत नाही कशी? कर्नल आत्ता तिच्यावरूनच तर आला! पण तो आणला एनटीएलडीआरने, बायोसच्या भरवशावर. कर्नल एकदा उभा राहिला की बायोसला विचारत नाही. त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. कंट्रोलर बदललेला, आणि नव्याची नोंद रजिस्ट्रीच्या क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये नाही. मग तो ती डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून सिस्टम हाइव्ह उघडतो. तिथे करंट कंट्रोल सेट शोधणारे फसतात, कारण तो चालू मशीनवरच असतो. आधी ‘सिलेक्ट’मधला ‘करंट’ आकडा बघायचा, १ असेल तर कंट्रोल सेट ००१. त्यात नोंद घालायची, अटापी, इंटेलआयडीई आणि पीसीआयआयडीईचा ‘स्टार्ट’ ० करायचा. हे सगळं एका फटक्यात करणारी तयार फाइल मिळते. तो हातानेच टाइप करतो. निव्वळ मिजास, हे त्यालाही मान्य आहे.

नव्याने इन्स्टॉल करा, असं सांगणाऱ्यांची तो गय करत नाही. यंत्राची कॅलिब्रेशन त्या जुन्या इन्स्टॉलेशनमध्येच असते, ती कोण आणून देणार?

यंदा हाताखाली एक मुलगी आली. तिने काही न उघडता कंट्रोलर साटावरून आयडीईवर नेला. ‘‘सर, झालं.’’

झालं, कारण जुना बोर्ड ४४०बीएक्सचा होता. त्यावरचा पीआयआयएक्स४ आणि व्हर्च्युअलबॉक्सचा पीआयआयएक्स४, दोघांचा ओळख क्रमांक एकच : ८०८६:७१११. त्याने हे तिला लांबण लावून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मशीन तर चालूच होतं, आणि हेच त्याला लागलं.

पुढचं मशीन सेफ मोडमध्ये मप.सिसच्या ओळीवर थिजलं. ती मप.सिसच्या मागे लागली. ते नाव सहसा यादीत शेवटी येतं एवढंच. तिथे फाइली आणून झालेल्या असतात, अडतं ते कर्नल त्यांना कामाला लावतो तेव्हा. पुन्हा तोच सांधा! एजीपी४४०चा ‘स्टार्ट’ ४ करून बघ, हे त्याच्या ओठांवर होतं. पण ती विचारेपर्यंत तो बोलला नाही, आणि तिने विचारलं ते जेवणाच्या सुट्टीनंतर.