हात बसेपर्यंत

मनुष्यबळ विकास हे नाव भारतीय उद्योगांत रुळले ते १९७५ च्या सुमारास. उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघा व्यवस्थापनतज्ज्ञांच्या सल्ल्याने लार्सन अँड टुब्रो कंपनीने तेव्हा त्यासाठी स्वतंत्र विभाग उभारला आणि हळूहळू इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. नाव नवे असले, तरी काम जुने होते. नव्या माणसाला काम कोणी दाखवायचे, कोणाला शिकू द्यायचे आणि शिकलेला माणूस टिकवायचा कसा, हा झगडा नागपुरात त्याच्या शंभर वर्षे आधीच सुरू झाला होता.

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून हे गाव निवडले, कारण कापूस भोवतालच्या शेतांतच होता, वरोऱ्याचा कोळसा जवळ होता आणि जमीन स्वस्त होती. नव्हती ती गिरणीत काम केलेली माणसे. कोष्ट्यांचे हातमाग गावात पिढ्यानपिढ्या चालत होते. पण हातमागावर विणकर आपल्या चालीने काम करतो; गिरणीत चाल यंत्र ठरवते. भोंगा झाला की हजर व्हायचे ही सवयच नव्हती आणि गैरहजेरी ही व्यवस्थापनाची कायमची डोकेदुखी होऊन बसली.

त्यावर दंड वाढवणे हा सोपा उपाय होता. एम्प्रेस मिलने वेगळी वाट धरली: १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, शिवाय चांगल्या कामाची बक्षिसे. यात उदारपणा होताच, पण हिशेबही होता. ज्याला शिकवायला महिने लागले तो माणूस पेरणीला गावी गेला आणि परतलाच नाही, तर ते महिने फुकट जातात. प्रशिक्षणाचा खर्च माणूस टिकला तरच वसूल होतो, हे आजही कित्येक कार्यालयांच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. माणूस निवडण्यातही तीच दृष्टी होती. गिरणीचा कारभार ज्यांच्याकडे दिला ते बेझनजी दादाभाई मेहता रेल्वेतले. कापसाच्या धंद्याशी त्यांचा आधीचा संबंध नव्हता. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज जाणकाराकडे होती, आणि बेझनजी कामावर शिकत गेले.

शिकणे म्हणजे नेमके काय, हे रिंग खात्यात उभे राहिले की दिसते. सूत तुटले की ती एक चाती थांबवायची, बॉबिनवरचे टोक शोधून काढायचे, कडीवर फिरणाऱ्या नखाएवढ्या ट्रॅव्हलरमधून ते घ्यायचे, वरच्या आकड्यातून नेऊन पुढच्या रुळातून येणाऱ्या तंतूंना अलगद टेकवायचे आणि त्याच क्षणी चाती सोडायची. सांगायला पाच मिनिटे पुरतात. शिकणारा मान डोलावतो, त्याला सगळे समजलेलेही असते. पण त्याचा जोड जाड पडतो, तोच जोड पुढे मागावर पुन्हा तुटतो, आणि तोवर शेजारच्या चार चात्यांचे सूत तुटलेले असते. हात बसायला काही आठवडे जातात. समजणे आणि हात बसणे यांच्यामधल्या या काळात शिकणाऱ्याच्या शेजारी कोण उभे आहे, यावर बाकीचे सगळे ठरते.

त्या काळच्या गिरण्यांत शेजारी जॉबर उभा असे. माणूस भरती करणे, काम दाखवणे, रजा देणे, बदली लावणे, सगळे त्याच्या हाती. आणि या प्रत्येक गोष्टीची दस्तुरी. आपल्या नात्यातल्या, गावातल्या माणसाला तो मनापासून शिकवी. बाकीच्यांनी बघून बघून शिकावे. कामगारांच्या प्रश्नांवर १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या हातून भरती काढून घ्यावी आणि कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. आजच्या एचआर विभागाचा एक पूर्वज हा कामगार अधिकारी आहे, ही गोष्ट त्या विभागातल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याहून कडवट प्रकार मागखात्यात होता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून मुंबईच्या गिरण्यांत सवर्ण विणकर अस्पृश्य कामगारांना मागावर येऊ देत नसत; आणि जास्त मजुरी मागावरच होती. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. कामगाराची कुवत, पद्धत, साधने यांवर प्रशिक्षणाची पाठ्यपुस्तके पाने भरतात. शिकण्याच्या जागेपर्यंत कोणाला पोचू दिले जाते, हा प्रश्न त्यांत क्वचितच येतो. तो पहिल्या धड्यात यायला हवा.

स्वातंत्र्यानंतर शिकवण्याला कायद्याचा आधार आला. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. नागपुरात तर प्रशिक्षण हाच सरकारचा एक उद्योग झाला: नागरी संरक्षण, अग्निशमन, प्राप्तिकर, प्रत्येकाची राष्ट्रीय संस्था याच शहरात उभी राहिली. पण कायद्याने प्रशिक्षण कसे बदलले ते पाहायचे, तर सावनेर, कामठी, उमरेडच्या कोळसा खाणींकडे जावे लागते. त्या चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय नागपुरातच आहे. खाणीतल्या व्यावसायिक प्रशिक्षणाचे नियम १९६६ पासून आहेत आणि ते प्रशिक्षण पुरे केल्याशिवाय नव्या माणसाला काम देता येत नाही.

भूमिगत खाणीतला एक धडा छत तपासण्याचा. लोखंडी टोकाच्या काठीने छत ठोकायचे. खणखणीत आवाज आला तर दगड घट्ट. ढबढब आला तर थर सुटलेला. ठोकताना दुसऱ्या हाताची बोटे छताला लावून ठेवायची, कारण कधी आवाज फसवतो, पण सुटलेल्या दगडाची थरथर बोटांना कळते. शिवाय उभे राहायचे ते आधार दिलेल्या छताखाली, तपासायचे ते पुढचे. हा शेवटचा मुद्दा वर्गात सगळ्यांना पाठ असतो, आणि खाली गेल्यावर पहिला विसरला जातो.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: शिकणाऱ्याला ते आवडले का, तो शिकला का, कामावर तसे वागतो का, आणि संस्थेला त्याचा फायदा झाला का. बहुतेक कार्यालये पहिल्याच पायरीवर बसून असतात. चहा-समोसा झाला, अभिप्रायाच्या कागदावर ‘उत्तम’वर खूण झाली, फाइल बंद. खाणीला ही चैन परवडत नाही. तिथे तिसरी पायरी माइनिंग सरदार, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, रोज डोळ्यांनी पाहतो.

नियमांप्रमाणे जुन्या कामगारालाही ठरावीक वर्षांनी उजळणीला बोलावले जाते आणि प्रशिक्षकाची खरी कसोटी तिथे लागते. नव्याला काही येत नसते. जुन्याच्या हातात वीस वर्षांची सवय असते आणि तिच्यात एखादी चूकही मुरलेली असते. त्याला फळ्यासमोर बसवून नियम वाचून दाखवले की तो डुलक्या घेतो. जाणते प्रशिक्षक काठी त्याच्या हातात देतात आणि नव्या मुलांना छत तपासून दाखवायला सांगतात. मुले पाहत आहेत म्हटल्यावर तो काठी उचलण्याआधी दोन पावले मागे, आधाराखाली सरकतो.