एकाच मैदानावरचे दोन बॅरन्स

बर्मिंगहॅम, अलाबामा

ती. बाबांस सा. न.

अमेरिकेतलं आज उभं असलेलं सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान न्यूयॉर्कला नाही, शिकागोलाही नाही. ते दक्षिणेतल्या या लोखंड-कोळशाच्या शहरात आहे. बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं. रिकवूड फील्ड १८ ऑगस्ट १९१० ला उघडलं. इथे बर्मिंगहॅम बॅरन्स हा मायनर लीगचा संघ खेळायचा. कसोटीची टोपी मिळण्याआधी आपल्याकडे रणजीत घाम गाळावा लागतो, तशी ही मायनर लीग.

संघाचा मालक रिक वुडवर्ड लोखंडाच्या कारखानदार घराण्यातला तरुण. मैदानाचं नाव त्याच्याच नावावरून पडलं. त्या काळी लाकडी स्टँडना सहज आगी लागत, म्हणून त्यानं पिट्सबर्गचं फोर्ब्स फील्ड डोळ्यांपुढे ठेवून पोलाद आणि काँक्रीटचं बांधकाम केलं. आखणीला फिलाडेल्फियाचे मुरलेले मॅनेजर कॉनी मॅक यांचा सल्ला घेतला. पहिल्याच सामन्याला दहा हजारांवर माणसं लोटली आणि बॅरन्सनी माँटगमरीला ३-२ असं हरवलं.

आजच्या कुंपणामागे जुनी काँक्रीटची भिंत अजून शाबूत आहे आणि तिच्यावर एक फुली रंगवलेली आहे. १९४८ साली बॅरन्सच्या वॉल्ट ड्रोपोनं टोलवलेला चेंडू तिथे आदळला. फलंदाजाच्या जागेपासून हे अंतर ४६७ फूट भरतं. बाबा, खाली उभं राहून त्या फुलीकडे बघितलं की आकड्यापेक्षा मनगटाचीच कमाल वाटते.

पण त्या वर्षीचा खरा मानकरी दुसराच. गोऱ्यांचे बॅरन्स दौऱ्यावर गेले की हेच मैदान भाड्यानं ब्लॅक बॅरन्सना मिळे. हा कृष्णवर्णीयांचा संघ निग्रो लीगमध्ये खेळायचा. थोर पिचर सॅचेल पेज विशीत असताना याच संघात होता. बॅरन्सच्या सामन्याला कृष्णवर्णीय प्रेक्षकांना उजवीकडच्या उघड्या बाकांवर बसावं लागे. ब्लॅक बॅरन्सच्या रविवारी मात्र मुख्य स्टँड त्यांचा असे आणि चर्चमधली प्रार्थना आटोपून ठेवणीतल्या कपड्यांत कुटुंबंच्या कुटुंबं येत.

१९४८ मध्ये जवळच्या वेस्टफील्डचा एक शाळकरी मुलगा त्या संघात आला. विली मेज. वडील पोलाद कारखान्यात कामाला, कारखान्याच्या संघातून खेळणारे. मॅनेजर पायपर डेव्हिस यांनी पोराची शाळा सांभाळून त्याला खेळवलं. त्या वर्षी निग्रो लीगची शेवटची वर्ल्ड सिरीज झाली. तिसऱ्या सामन्यात, याच मैदानावर, सतरा वर्षांच्या विलीच्या फटक्यावर विजयाची धाव निघाली. विलीच्या संघाचा पिचर होता बिल ग्रीझन. मालिका मात्र होमस्टेड ग्रेज संघानं जिंकली.

माँटगमरी, अलाबामा

ती. बाबांस सा. न.

मागच्या पत्रात बर्मिंगहॅमच्या १९६३ च्या वर्णभेदविरोधी आंदोलनाचा विषय राहिला. आंदोलक मुलांवर पोलिसांचे कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडणारा बुल कॉनर तुम्हाला वर्तमानपत्रांतून माहीत असेल. त्याला बर्मिंगहॅममध्ये नाव मिळालं ते बॅरन्सच्या सामन्यांचं रेडिओवर वर्णन करून! त्याच लोकप्रियतेवर तो निवडणुकीत उतरला. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र पत्ते वा बेसबॉल खेळणं हा त्या शहरात गुन्हा होता. १९५४ मध्ये हा नियम सैल केला, तर मतदारांनी काही महिन्यांत मोठ्या बहुमतानं तो परत आणला.

बॅरन्स ज्या सदर्न असोसिएशनमध्ये खेळत, ती १९६१ नंतर बंद पडली. दोन हंगाम शहराला संघच नव्हता. १९६४ मध्ये बॅरन्स परतले तेव्हा दोन्ही वर्णांचे खेळाडू एका गणवेशात होते. तीन वर्षांनी बर्मिंगहॅमकडून खेळलेल्या कृष्णवर्णीय रेजी जॅक्सननं पुढे उघडपणे सांगितलं, की हॉटेलं त्याला दारातून परत पाठवत आणि झोपायला सहकाऱ्याच्या घरचा सोफा मिळे. हे ऐकल्यावर १९६४ ला सगळं सुरळीत झालं असं कोण म्हणेल?

१९८७ च्या हंगामानंतर बॅरन्स उपनगरात गेले. मैदान ओस पडलं असतं, पण १९९२ पासून ‘फ्रेंड्स ऑफ रिकवूड’ या मंडळींनी छप्पर, बाकं, धावफलक यांची निगा राखली. उजवीकडच्या बाकांची गोष्टही ते झाकून ठेवत नाहीत, हे फार योग्य वाटलं.

२० जून २०२४ ला मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च स्तराचा, सामना रिकवूडवर झाला. सेंट लुईसनं सॅन फ्रान्सिस्कोला ६-५ नं हरवलं. पाचही पंच कृष्णवर्णीय होते, मेजर लीगमध्ये प्रथमच. दोनच दिवस आधी, १८ जूनला, विली मेज ९३ व्या वर्षी गेले. सामन्याचा मानाचा पहिला चेंडू टाकला तो नव्व्याण्णव वर्षांच्या बिल ग्रीझन यांनी. त्याआधीच, मे महिन्यात, निग्रो लीगची आकडेवारी मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत आली होती. मेज यांच्या खात्यात १९४८ चे दहा हिट जमा झाले, कारकिर्दीची बेरीज ३,२९३.

उद्या अटलांटाकडे निघायचं आहे. सौ. आईस नमस्कार. कळावे.